‘साहेबच म्हणाले होते’: कचेरीने जमिनीबद्दल चुकीचं सांगितलं तर नुकसान कोणाचं?

माझा मावसभाऊ गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी घरी आला, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांचं बाड घेऊनच. इंदूरच्या बायपासपलीकडे त्याने ४० बाय ५० चा प्लॉट घेतला होता. रजिस्ट्री झाली, नामांतरण (महसुली नोंदीत नाव चढणं) झालं, मुलाच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला हेसुद्धा ठरलं. मग आर्किटेक्टने नक्शा, म्हणजे घराचा बांधकाम-आराखडा, पास करायला टाकला आणि तो परत आला. शेरा एका ओळीचा: प्लॉटच्या पुढच्या भागातून शहराच्या मास्टर प्लॅनचा २४ मीटर रुंद रस्ता जातो. ५० फुटांपैकी जवळपास २० फूट रस्त्यात. उरलेल्या ३० फुटांत पुढचं-मागचं मोकळं अंतर सोडलं की घर कसलं, दुकानाचा गाळाच उरतो.

“पण मी घेण्याआधी विचारून आलो होतो ना, ताई!” जिरावन घातलेले पोहे गार होत होते आणि तो दर पाच मिनिटांनी हेच म्हणत होता.

विचारलं होतं, हे खरं. कचेरी कोणती ते इथे लिहीत नाही, आणि त्याने पुढच्या मुद्द्यांत फरकही पडत नाही. भिंतीवर त्या भागाचा नकाशा टांगलेला, घड्यांवर रंग उडालेला. टेबलामागच्या गृहस्थांनी उठून नकाशावर बोट ठेवलं आणि सांगितलं, “कुछ नहीं है भाईसाहब, क्लियर है. ले लो.” भावाने त्या क्षणाचा मोबाइलवर फोटोही काढला होता. मी तो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात प्रमाण लिहिलेलं होतं: एक सेंटिमीटर म्हणजे ४० मीटर. म्हणजे २४ मीटरचा रस्ता नकाशावर ६ मिलिमीटरचा. माणसाचं बोट असतं दीड सेंटिमीटर रुंद. रस्ता त्या बोटाखालीच होता.

“आता हे भरपाई देतील ना?”

मी दिवाणी वकिली करते, त्यामुळे हा प्रश्न महिन्या-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच. उत्तर देण्याआधी प्रश्न फोडावा लागतो, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला: साहेब ‘रस्ता नाही’ म्हणाले, म्हणून रस्ता नाही असं धरून माझा नक्शा पास होईल का? दुसरा: होत नसेल, तर माझं नुकसान त्यांच्या कचेरीने भरून द्यायचं का? पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’. दुसऱ्याचं ‘कधीकधी’. लोक वर्षानुवर्षं भांडतात ते पहिल्यासाठी आणि तेवढ्यात दुसऱ्याची मुदत संपून जाते.

साहेबांचा शब्द कचेरीला बांधतो का?

आपल्या कायद्यात एक तत्त्व आहे, मराठी कायदेपुस्तकांत त्याला ‘विबंध’ म्हणतात आणि कोर्टात सगळे इस्टॉपेल. साधा अर्थ: तुझ्या बोलण्यावर विसंबून मी पाऊल उचललं, आता तू शब्द फिरवू शकत नाहीस. सरकारलाही हे लागू होतं. १९७९ मध्ये मोतीलाल पदमपत शुगर मिल्सच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवतींनी ते ठासून सांगितलं. उत्तर प्रदेश सरकारने नव्या वनस्पती तुपाच्या कारखान्याला तीन वर्षं विक्रीकर माफ करण्याचं आश्वासन दिलं होतं. कारखाना उभा राहिल्यावर सरकारने हात वर केले. सर्वोच्च न्यायालयाने ते चालू दिलं नाही.

नगरपालिकांपुरतं बघायचं तर त्याआधीचा, १९७० सालचा एक निकाल आहे, महाराष्ट्रातल्या उल्हासनगरचा. तिथल्या औद्योगिक भागातल्या कारखान्यांना पालिकेने सात वर्षं जकात माफ केली होती. पुढे जकात मागितली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दिलेल्या शब्दाला सार्वजनिक संस्थाही खाजगी माणसाइतकीच बांधलेली असते.

हे वाचून हुरूप येतो. पण दहा वर्षांनी, १९८० मध्ये, हरियाणातल्या बहादूरगडच्या व्यापाऱ्यांचं प्रकरण आलं. तिथेही पालिकेने मंडीतल्या दुकानदारांना जकात माफ म्हणून सांगितलं होतं, तिथेही शब्द फिरवला. व्यापारी हरले. त्या निकालावर पुढे सर्वोच्च न्यायालयातच टीका झाली, पण त्यातली एक गोष्ट आजही प्रत्येक सरकारी वकील तोंडपाठ म्हणतो: जी सूट देण्याचा अधिकारच पालिकेला नव्हता, तिचं आश्वासन पालिकेला बांधू शकत नाही.

जमिनीच्या बाबतीत खिळा इथेच बसतो. मास्टर प्लॅन म्हणजे मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ खाली प्रसिद्ध झालेला कायदेशीर दस्तऐवज. त्यातला रस्ता पुसण्याचा अधिकार टेबलामागच्या गृहस्थांना नाही, त्यांच्या साहेबांना नाही, साहेबांच्या साहेबांनाही एकट्याने नाही. त्यासाठी कायद्यात ठरलेली पद्धत आहे, लोकांच्या हरकती-सूचनांसकट. मग ज्याला रस्ता पुसता येत नाही, त्याच्या ‘नहीं है’ने रस्ता कसा पुसला जाईल? कायद्याविरुद्ध विबंध चालत नाही, हे कोर्टात रोज ऐकू येणारं वाक्य याच अर्थाचं.

यात कोर्टाचा निष्ठुरपणा नाही. तो रस्ता माझ्या भावाचा एकट्याचा नाही. पलीकडे ज्यांनी नकाशा नीट पाहून, रस्ता येणार म्हणून जास्त पैसे मोजून प्लॉट घेतले, त्यांचाही आहे. एका बाबूच्या चुकीपायी त्यांचा रस्ता का जावा? आपल्या गावाला हे नवं नाही. होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिसने इंदूरच्या नगररचनेचा अहवाल १९१८ मध्ये लिहिला. गल्ली कुठे, बाग कुठे, वस्ती कुठे, हा वाद इथे शंभर वर्षं चालू आहे. बडा गणपतीपासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत रस्ता रुंद झाला तेव्हा घरांचे दर्शनी भाग कापले गेलेले आपण सगळ्यांनी पाहिले. आतल्या खोलीचा निळा रंग आणि भिंतीतला कोनाडा रस्त्यावरून दिसायचा.

पास केलेला नक्शाच चुकीचा असेल तर? म्हणजे नुसतं तोंडी नाही, चक्क परवानगी हातात असेल तर? तरीही फार आशा धरू नये. केरळातल्या मरडूत २००६ मध्ये तेव्हाच्या ग्रामपंचायतीने खाडीकाठच्या इमारतींना परवाने दिले, किनारपट्टीच्या नियमांकडे न बघता. लोकांनी फ्लॅट घेतले, संसार मांडले. २०१९ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने इमारती पाडायला सांगितल्या आणि २०२० च्या जानेवारीत, ११ आणि १२ तारखेला, त्या स्फोटकांनी पाडल्या. परवाना खरा होता, शिक्के खरे होते, घर गेलं. पण इथेच दुसरा प्रश्न वेगळा का ठेवायचा ते दिसतं. न्यायालयाने प्रत्येक फ्लॅटधारकाला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई आधी राज्य सरकारने द्यावी आणि मग ती जबाबदार असलेल्यांकडून वसूल करावी, असा आदेश दिला. चुकीच्या परवान्याने घर वाचलं नाही. पैसे कोणी द्यायचे ते मात्र बदललं.

फोन आणि कागद

आता दुसरा प्रश्न. चुकीची माहिती दिल्याबद्दल भरपाई, हा विचार कायद्यात तसा उशिरा आला. १९६३ पर्यंत इंग्लंडमध्ये समज अशी की निष्काळजी हातांनी नुकसान केलं तर दावा चालतो, निष्काळजी शब्दांनी केलं तर, करार किंवा फसवणूक नसेल तोवर, चालत नाही. त्या वर्षी हेडली बर्नच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ते बदललं. एका जाहिरात संस्थेने आपल्या ग्राहकाच्या आर्थिक ऐपतीबद्दल बँकेकडे विचारणा केली, बँकेने बरं सांगितलं, ग्राहक बुडाला. जो जाणकार म्हणून सांगतो आणि समोरचा आपल्यावर विसंबणार हे ज्याला ठाऊक आहे, त्याने काळजी घेऊन सांगितलं पाहिजे, असं तत्त्व तिथे ठरलं. गंमत म्हणजे ती संस्था स्वतः हरली, कारण बँकेने पत्रातच ‘आमची जबाबदारी नाही’ असं लिहून ठेवलं होतं. सरकारी वेबसाइटवर नकाशाखाली बारीक अक्षरांत ‘ही माहिती केवळ संदर्भासाठी’ असं लिहिलेलं असतं ना, त्या ओळीचं मूळ हेच.

सात वर्षांनी हे तत्त्व थेट पालिकेच्या टेबलावर आलं. इंग्लंडमध्ये जमीन घेण्याआधी स्थानिक पालिकेच्या नोंदवहीचा शोध-दाखला काढायची रीत आहे. हेमेल हेम्पस्टेडच्या एका कारकुनाने दाखला तयार करताना एक बोजा लिहायचा सोडला. बोजा होता सरकारी खात्याचा, अठराशे पौंडांच्या वरचा. दाखला कोरा, म्हणून खरेदीदार मोकळा सुटला आणि खात्याचे पैसे बुडाले. १९७० मध्ये अपील न्यायालयाने पालिकेला जबाबदार धरलं, कारकुनाच्या चुकीसाठी मालक म्हणून.

माझ्या भावाच्या गोष्टीशी सगळ्यात जुळणारा खटला मात्र ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटा शहराचा. शॅडॉक नावाच्या कंपनीला तिथे जागा घ्यायची होती. त्यांच्या वकिलाने पालिकेत फोन केला: रस्तारुंदीचा काही प्रस्ताव आहे का? पलीकडून कोणीतरी म्हणालं, नाही. वकील शहाणा. फोनवर थांबला नाही. ठरलेल्या फॉर्मवर फी भरून अर्ज केला, त्यात रस्तारुंदीचा प्रश्न लेखी विचारला. रुंदीचा प्रस्ताव असेल तर दाखल्यावर तसं नोंदवायची त्या पालिकेची नेहमीची पद्धत होती. दाखला आला, रस्त्याबद्दल त्यावर अक्षर नाही. जागा घेतली. मग कळलं की पालिकेनेच रुंदीचे प्रस्ताव आधी मंजूर केलेले आहेत आणि त्यात एक तृतीयांशाहून जास्त जागा जाते.

१९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने पालिकेला भरपाई द्यायला लावली. पण कशासाठी? दाखल्यासाठी. फोनवरच्या उत्तरावर दावा उभा राहिला नाही: कोण बोललं माहीत नाही, सहज विचारलं, सहज सांगितलं, आणि त्यावर कोणी एवढी मोठी खरेदी करेल असं बोलणाऱ्याने धरलं असेलच असं नाही. तोच प्रश्न, तीच पालिका, तीच चूक. फरक इतकाच की एकदा फी, फॉर्म आणि शिक्का होता.

भावाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने मोबाइल पुढे केला. “फोटो आहे ना माझ्याकडे.” फोटो आहे, त्यात नकाशा आहे, बोट आहे. प्रश्न काय विचारला होता ते फोटोत नाही. सर्व्हे नंबर नाही. आणि त्या गृहस्थांचं काम होतं आवक-जावक, नकाशा वाचणं नव्हे.

भारतात काय?

इथल्या कोर्टांना ही तत्त्वं परकी नाहीत, पण इथे वाटेत एक जुना दगड आहे: राजा चूक करत नाही. १९६२ मध्ये विद्यावतीच्या खटल्यात, उदयपूरच्या कलेक्टरसाठी असलेल्या जीपने माणूस मेला तेव्हा राज्याने भरपाई द्यावी असं ठरलं. दोन-अडीच वर्षांतच कस्तुरीलालच्या खटल्यात उलटं. मेरठला पोलिसांनी जप्त केलेलं सोनं मालखान्यातून घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पळाला आणि सराफाला सांगण्यात आलं की पोलिसांचं काम सार्वभौम सत्तेचं, भरपाई नाही. १९९४ मध्ये नागेंद्र रावच्या खटल्यात न्यायालयाने हा दगड बराच झिजवला. पालिकांच्या बाबतीत तर तो कधीच तेवढा जड नव्हता. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळून माणसं मेली तेव्हा १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेलाच जबाबदार धरलं.

मग मामला सोपा, असं वाटेल. नाही. त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये राजकोटच्या महापालिकेला सोडलं, जिथे रस्त्याकडेचं झाड पडून ऑफिसला निघालेला माणूस गेला होता. २०११ मध्ये उपहार सिनेमाच्या आगीच्या प्रकरणात थिएटर मालकांना भरपाई द्यावी लागली, पण दिल्ली महापालिका आणि परवाना देणारे अधिकारी त्यातून सुटले. कायद्याने नेमून दिलेलं काम करताना झालेली चूक नुसती चूक असेल, आणि त्यात दुष्टावा किंवा अधिकाराचा जाणूनबुजून गैरवापर नसेल, तर पैशांची जबाबदारी टाकायला न्यायालय कचरतं. कारण उघड आहे. प्रत्येक चुकलेल्या शेऱ्यासाठी पालिकेने पैसे मोजायचे तर ते तुमच्या-माझ्या घरपट्टीतून जाणार, आणि बाबू कशावरच सही करणार नाही. आधीच करत नाही.

दुसऱ्या बाजूला १९९३ चा लखनौ विकास प्राधिकरणाचा निकाल. प्राधिकरण पैसे घेऊन प्लॉट किंवा फ्लॅट देतं तेव्हा ती ‘सेवा’ आहे, ग्राहक कायदा लागतो. आणि अधिकाऱ्याने मुद्दाम छळलं असेल तर भरपाईची रक्कम जनतेच्या तिजोरीतून न जाता त्या अधिकाऱ्याकडून वसूल व्हावी, असं न्यायमूर्ती सहाय यांनी लिहिलं. तेव्हा तुम्ही प्लॉट प्राधिकरणाकडूनच घेतला असेल आणि त्यांच्याच माहितीपत्रकात रस्ता दाखवला नसेल, तर तुमची बाजू माझ्या भावापेक्षा कितीतरी भक्कम. त्याने खाजगी माणसाकडून घेतला आणि कचेरीत फक्त चौकशी केली.

थोडक्यात कोर्ट तुमच्या तक्रारीत चार गोष्टी शोधतं. सांगणाऱ्याचं ते कामच होतं का. प्रश्न नेमका होता का, सर्व्हे नंबर आणि प्लॉट नंबरसकट. उत्तर लेखी आणि अधिकृत होतं का, शक्यतो फी भरून घेतलेलं. आणि तुम्ही दुसरीकडे सहज पडताळू शकत होता का. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक जण पडतात. मास्टर प्लॅन प्रसिद्ध झालेला असतो, कोणीही पाहू शकतो. मग समोरचा वकील शांतपणे विचारतो, “आपण तो पाहिला होता का?”

कोणता कागद कशाची हमी देतो

आपल्याकडचा गोंधळ मुख्यतः इथला. रजिस्ट्री झाली म्हणजे सगळं तपासलं गेलं असं लोक धरून चालतात. सबरजिस्ट्रार दस्त नोंदवतो. विकणारा मालक आहे की नाही, तिथे घर बांधता येतं की नाही, ही हमी तो देत नाही. सद्भावनेने केलेल्या कामासाठी १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ८६ त्याला संरक्षणही देतं. नामांतरणाचं तेच. आपल्याच राज्यातल्या जितेंद्र सिंह विरुद्ध मध्य प्रदेश या २०२१ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की महसुली नोंदीतल्या नावाने मालकी मिळत नाही. ती नोंद वसुलीपुरती. निगमची, म्हणजे महापालिकेची, संपत्तिकराची पावती म्हणजे कर भरल्याची पावती. डायव्हर्शनची पावती म्हणजे जमीन बिगरशेती धरून महसूल भरल्याचा पुरावा. मास्टर प्लॅनमध्ये तिथे घर चालतं असा दाखला नव्हे. पटवारी खसरा (जमिनीचा सर्व्हे नंबर) सांगेल, रस्ता सांगणं त्याचं काम नाही.

मास्टर प्लॅनमध्ये काय आहे ते सांगणारं खातं म्हणजे नगर तथा ग्राम निवेश, ज्याला सगळे ‘टी अँड सीपी’ म्हणतात. जमीन एखाद्या विकास योजनेत आहे की नाही ते विकास प्राधिकरण सांगतं. नक्शा पास करतं निगम. नजूलची, म्हणजे शहरातली सरकारी, जागा असेल तर कलेक्टर कचेरी. म्हणजे ‘क्लियर आहे का’ हा प्रश्न एका खिडकीवर विचारण्यासारखा नाहीच. कोणी एकानेच सगळ्याचं ‘क्लियर’ म्हटलं तर समजावं की तो स्वतःच्या कामापलीकडचं बोलतोय, आणि त्याचं ते बोलणं त्याच्या कचेरीला बांधणार नाही.

दहा रुपयांचा अर्ज

लेखी उत्तर मिळवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे माहितीचा अधिकार. १० रुपये, ३० दिवस. पण इथेही एक मेख आहे. ‘माझ्या प्लॉटवर घर बांधता येईल का’ असं विचारलंत तर उत्तर येतं की सल्ला देणं या कायद्यात बसत नाही. ते बरोबरही आहे. आदित्य बंदोपाध्याय यांच्या २०११ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलं: जे अभिलेखात आहे ते मागा, मत मागू नका. म्हणून अर्ज असा लिहायचा: ‘अमुक गाव, अमुक खसरा क्रमांक, या जमिनीचा समावेश असलेल्या विकास योजनेच्या नकाशाची, प्रस्तावित रस्ते आणि त्यांची रुंदी दाखवणारी, प्रमाणित प्रत द्यावी. त्या जमिनीवर कोणतीही योजना, आरक्षण किंवा रस्तारुंदी प्रस्तावित असल्यास संबंधित आदेशाची प्रत द्यावी. तसा कोणताही अभिलेख नसल्यास तसं लेखी कळवावं.’ शेवटचं वाक्य सोन्याचं. ‘अभिलेख नाही’ हे सही-शिक्क्याने आलं आणि पुढे रस्ता निघाला, तर तुमच्याकडे पॅरामॅटाच्या दाखल्याच्या जवळपास जाणारं काहीतरी आहे.

शिवाय या कायद्याला थोडे दातही आहेत. जाणूनबुजून चुकीची, अपुरी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर कलम २० खाली माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होतो. तो दंड तुम्हाला मिळत नाही. पण कलम १९(८)(ख) खाली माहिती आयोग त्या कचेरीला तुमच्या नुकसानीची भरपाई द्यायलाही सांगू शकतो. हे कलम वकिलांनाही फारसं आठवत नाही.

घड्याळ

आता मुदतीचं. लोकांचे चांगले दावे इथे मरतात. दिवाणी नुकसानीला तीन वर्षं असतात असं सगळ्यांच्या डोक्यात असतं. पण १९६३ च्या मुदत कायद्यात अनुच्छेद ७२ आहे: कायद्यानुसार म्हणून केलेल्या किंवा करायच्या राहिलेल्या कृत्याबद्दल भरपाई मागायची तर एकच वर्ष, आणि ते कृत्याच्या दिवसापासून. समोरचा वकील पहिल्याच दिवशी हा अनुच्छेद काढणार, हे धरून चालावं. सरकार किंवा सरकारी अधिकाऱ्यावर दावा करायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते. महापालिकेच्या स्वतःच्या कायद्यात नोटिशीची वेगळी अट असते, ती वेगळी पाहावी. ग्राहक आयोगात दोन वर्षं. आमच्या इंदूर खंडपीठात रिट करता येतं, पण ‘कोण काय बोललं’ असल्या वादात हायकोर्ट पडत नाही. कागद स्वच्छ असेल तरच तिकडे जावं.

विकणाऱ्याला विसरू नका, हेही भावाला सांगावं लागलं. त्याचा सगळा राग कचेरीवर. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने त्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊन कळणार नाही असा दोष सांगायलाच हवा. विकणारा म्हणेल, नकाशा सार्वजनिक होता. पण त्याने स्वतः आधी नक्शा टाकून पाहिला असेल आणि तो नाकारला गेला असेल, तर त्याचं काय उत्तर? वसाहत रेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नियामकाकडे, नोंदलेली असेल तर आणखी बरं: २०१६ च्या त्या कायद्याचं कलम १२ प्रवर्तकाच्या (बिल्डरच्या) खोट्या जाहिरातीसाठी भरपाई देतं. आणि रस्त्यात जाणारी २० फूट पट्टी फुकट जात नाही. राज्यघटनेच्या कलम ३००-अ मुळे ती घ्यायची तर कायद्याने मोबदला देऊनच घ्यावी लागते. फक्त ती घेतली कधी जाणार, हे त्या दिवशी कोणीच सांगू शकत नाही, आणि तोवर घर बांधता येत नाही.

भावाने त्याच आठवड्यात दोन अर्ज टाकले. एक टी अँड सीपीत, नकाशाच्या प्रमाणित प्रतीसाठी. दुसरा निगमात: या सर्व्हे नंबरसाठी गेल्या पाच वर्षांत कोणी नक्शा टाकला होता का, आणि त्यावर काय शेरा पडला. दुसऱ्याचं उत्तर २७ व्या दिवशी आलं. टाकला होता. विकणाऱ्यानेच, दोन वर्षांपूर्वी, आणि शेरा तोच, एका ओळीचा.

नकाशाची प्रत त्यानंतर आठ दिवसांनी आली. त्याने ती आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरली, सवयीने बोट ठेवलं, मग उचललं आणि मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी मागवली.